‘द नटक्रॅकर’ या बॅलेवरून मुलांसाठी अ‍ॅनिमेशनपट करायचा असेल तर

अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, ‘द नटक्रॅकर’ या बॅलेवरून सहा ते नऊ वर्षांच्या मराठी मुलांसाठी 22 मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट करायचा झाला, तर सुरुवात कोठून करावी. मूळ बॅलेत, म्हणजे संगीतावर नाचून सांगितलेल्या या नृत्यनाट्यात, संवाद नाहीत आणि उत्तरार्धात गोष्टच जवळजवळ थांबते, हे त्याच्या लक्षात आले आहे. निवेदक घ्यावा का, नृत्यासाठी मोशन कॅप्चर (खऱ्या नर्तकाच्या हालचाली संगणकात टिपण्याचे तंत्र) वापरणे अपरिहार्य आहे का आणि मूळ रशियन संगीतकार चायकोव्हस्की याचे संगीत वापरायला परवानगी लागते का, हे त्याचे पुढचे प्रश्न आहेत. मी गेली बावीस वर्षे पात्र-अ‍ॅनिमेशन करतो आहे आणि त्यातील बराच काळ संगीतावर आधारलेल्या मुलांच्या लघुपटांत गेला आहे, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने लिहितो.

तुमच्या प्रश्नात ‘आधी पटकथा लिहून घेतो आणि मग तिला संगीत बसवतो’ असे एक वाक्य आहे. माझा सगळा आक्षेप या क्रमाला आहे. नटक्रॅकरची पटकथा लिहिलेली आहे आणि ती संगीतातच आहे. मारियस पेतिपा या नृत्यरचनाकाराने चायकोव्हस्कीला जो आराखडा दिला होता, त्यात प्रत्येक प्रसंगासाठी किती बारचे संगीत हवे, ते कोणत्या लयीचे असावे, पाहुणे केव्हा येतात, भेटवस्तू केव्हा वाटल्या जातात, झाड केव्हा वाढते, हे सगळे नोंदवलेले होते. (बार म्हणजे आपल्या एखाद्या छोट्या आवर्तनासारखे एकक समजा.) पुढे पेतिपा आजारी पडला, प्रत्यक्ष नृत्यरचना लेव्ह इव्हानोव्ह याने केली आणि 18 डिसेंबर 1892 रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरमध्ये ‘इओलांता’ या ऑपेराबरोबर हा बॅले पहिल्यांदा रंगमंचावर आला. सांगायचा मुद्दा हा की, हे संगीत एखाद्या भावनेचे मोघम चित्रण करणारे नाही. ते मिनिटामिनिटाला काय घडते आहे हे सांगणारे आहे. त्यामुळे पहिले पंधरा दिवस कागदाला हात न लावता संपूर्ण बॅले ऐका. लक्षात ठेवा, संपूर्ण बॅले, निवडक तुकड्यांचा ‘सूट’ नव्हे. सूट सुमारे 22 ते 24 मिनिटांचा असल्यामुळे तुमच्या चित्रपटाच्या लांबीत तो नेमका बसतो आणि त्यामुळेच फसवतो. त्यात बहुतेक नृत्येच आहेत. झाड वाढण्याचे संगीत, उंदरांशी लढाई, बर्फाच्छादित अरण्यातला प्रवास, म्हणजे ज्यावर गोष्ट उभी आहे ते सारे, त्यात नाही.

ऐकताना एक गोष्ट आवर्जून टिपा. सुरुवातीच्या छोट्या ओव्हर्चरमध्ये, म्हणजे प्रारंभसंगीतात, चेलो आणि डबल बेस ही खर्जाची तंतुवाद्ये वापरलेलीच नाहीत. पडदा उघडण्याआधीच ऐकणाऱ्याच्या कानाला सांगितले जाते की, आता आपण ज्या जगात शिरतो आहोत ते आकाराने लहान आहे. तिथे मोठ्या माणसांचा भारदस्त आवाज नाही. पहिल्या अंकात मुले धुडगूस घालतात तेव्हा वाद्यवृंदात खेळण्यातली वाद्येही वाजतात. दुसऱ्या अंकात शुगर प्लम परीच्या, म्हणजे मिठाईच्या राज्याच्या स्वामिनीच्या, नृत्यात सेलेस्टा येते, जिच्यात छोट्या हातोड्या धातूच्या पट्ट्यांवर पडतात आणि जिचा नाद ऐकून आपल्याला जलतरंगाची आठवण व्हावी. हे वाद्य चायकोव्हस्कीने पॅरिसमध्ये पाहिले आणि दुसऱ्या रशियन संगीतकारांना त्याचा सुगावा लागण्याआधी ते गुपचूप मागवून घ्यावे, असे आपल्या प्रकाशकाला कळवले. त्या नृत्यात सेलेस्टाच्या नाजूक स्वरांना बेस क्लॅरिनेट खालून घरंगळत येऊन उत्तर देते. माझ्या दृष्टीने कॅमेऱ्याची उंची, रेषेची जाडी आणि रंगांचे वजन ठरवण्यासाठी ओव्हर्चरची ती तीन मिनिटे कोणत्याही संदर्भचित्रांच्या संग्रहापेक्षा अधिक उपयोगी आहेत.

यानंतर हिशेबाचे काम. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 स्थिर चित्रे, या हिशेबाने मिनिटाला 1440 फ्रेम होतात. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर एका मात्रेला 12 फ्रेम येतात, 144 असेल तर 10 आणि 180 असेल तर 8. म्हणजे 180 च्या वॉल्ट्झमध्ये, या तीन-तीन मात्रांच्या नृत्यप्रकारात, तीन मात्रांचा एक बार बरोबर एका सेकंदाचा होतो. मात्र वाद्यवृंद हा मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारे यंत्र, नसतो. वॉल्ट्झमध्ये संचालक लय किंचित ओढतो, सोडतो, आणि त्या ओढाताणीतच नृत्याचा श्वास असतो. म्हणून निवडलेले ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरमध्ये घेऊन प्रत्येक ठळक मात्रेवर हाताने खूण करा आणि त्या खुणांचा बार शीट (कोणत्या फ्रेमला कोणती मात्रा येते याचा तक्ता) स्टोरीबोर्डच्या, म्हणजे प्रसंगांच्या कच्च्या चित्रमालिकेच्या, आधी तयार ठेवा. स्टोरीबोर्डचे चौकोन नंतर त्या शीटवर चिकटतील. आणखी एक सवय लावून घ्या: पाऊल टेकण्याची किंवा हात थांबण्याची फ्रेम आवाजाच्या ठोक्यापेक्षा एक-दोन फ्रेम आधी ठेवा. अगदी ठोक्यावर ठेवलेली हालचाल पडद्यावर उशिरा आल्यासारखी भासते. बार शीट करताना विद्यार्थी कंटाळतात हे मी दरवर्षी पाहतो. परंतु ज्यांनी तो नेटाने पूर्ण केला, त्यांच्या अ‍ॅनिमॅटिकमध्ये (स्टोरीबोर्डची चित्रे आवाजाला जोडून केलेल्या कच्च्या चित्रपटात) पुढे फारशी दुरुस्ती करावी लागत नाही.

आता कथेची खरी अडचण. पहिल्या अंकात क्लारा नावाची मुलगी आहे, नाताळची संध्याकाळ आहे, ड्रॉसेलमायर नावाचा गूढ पाहुणा तिला अक्रोड फोडणारा लाकडी बाहुला, म्हणजेच नटक्रॅकर, देतो, तिचा भाऊ तो मोडतो, मध्यरात्री घड्याळाचे ठोके पडतात, झाड वाढत जाते, उंदरांचा राजा सैन्य घेऊन येतो आणि ऐन क्षणी क्लारा आपल्या पायातील चप्पल काढून त्याच्यावर भिरकावते. इथपर्यंत गोष्ट पळते आहे आणि ती मुलीच्या कृतीने पळते आहे. दुसऱ्या अंकात क्लारा मिठाईच्या राज्यात पोहोचते आणि तिच्या सन्मानार्थ एकामागून एक नृत्ये सादर होतात: चॉकलेटचे स्पॅनिश नृत्य, कॉफीचे अरबी, चहाचे चिनी, रशियन त्रेपाक, मग फुलांचा वॉल्ट्झ, शेवटी परीचे युगुलनृत्य. क्लारा बसून पाहते. पहिल्या प्रयोगानंतर 1892 मध्येही टीकाकारांची तक्रार साधारण हीच होती की रंगमंचावर मुले फार आहेत आणि मुख्य नर्तकी फार उशिरा येते. रंगमंचावर उत्तम नर्तकांचे प्रत्यक्ष शरीर समोर असल्यामुळे ही उणीव झाकली जाते. अ‍ॅनिमेशनमध्ये ती झाकली जात नाही; कारण पडद्यावरचे पात्र एका पायावर तोल सावरून उभे राहिले तर त्यात प्रेक्षकाला धोका जाणवत नाही. चित्र कधी पडत नसते.

या एकाच अडचणीची तीन वेगवेगळी उत्तरे तीन चित्रपटांनी दिली आहेत आणि तिन्ही तुम्ही बार शीट हातात घेऊन पाहावेत, असे मला वाटते.

पहिले उत्तर 1940 च्या ‘फँटेशिया’चे. लिओपोल्ड स्टोकोव्स्की याच्या संचालनाखालील वाद्यवृंदाने वाजवलेल्या नटक्रॅकर सूटवर डिस्नेच्या कलावंतांनी जो विभाग केला, त्यात नटक्रॅकर नाही, क्लारा नाही आणि नाताळही नाही. दवबिंदू ठेवत जाणाऱ्या पऱ्या, चिनी नृत्यातील अळिंब्या, अरबी नृत्यातील पाण्याखालचे झुळझुळीत मासे, रशियन नृत्यात काटेरी फुले आणि शेवटच्या वॉल्ट्झमध्ये शरदातली पाने, वाऱ्यावर उडणाऱ्या बियांच्या म्हाताऱ्या आणि हिमकण. ऋतू पुढे सरकतो, एवढीच गोष्ट. त्या काळी अमेरिकेत हा बॅले पूर्ण स्वरूपात झालेलाही नव्हता. सॅन फ्रान्सिस्को बॅलेने तो तिथे 1944 मध्ये प्रथम पूर्ण सादर केला. त्यामुळे मूळ कथानकाचे ओझे त्या कलावंतांवर नव्हते. त्यातील छोट्या अळिंबीचे नृत्य जेमतेम एक मिनिटाचे आहे, पण ती रांगेत मागे पडते, चुकते, धावत येऊन जागा पकडते आणि शेवटच्या ठोक्याला कशीबशी नमस्कार करते. चेहऱ्यावर डोळ्यांखेरीज जवळजवळ काही नाही. तरीही शाळेच्या नाचात मागच्या रांगेत उभे राहिलेल्या प्रत्येक मुलाला ती आपली वाटते. आर्ट बॅबिट या अ‍ॅनिमेटरचे ते काम मी विद्यार्थ्यांना फ्रेम फ्रेम थांबवून दाखवतो. एका मिनिटात पात्राला इच्छा, अडथळा आणि शेवट देता येतो, आणि तेही संगीताची एकही मात्रा न बदलता, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

दुसरे उत्तर सोयुझमुल्तफिल्म या मॉस्कोतील स्टुडिओने 1973 मध्ये दिले. बोरिस स्तेपान्त्सेव्ह याने दिग्दर्शित केलेला तो चित्रपट सुमारे 27 मिनिटांचा आहे, म्हणजे तुमच्या कामाच्या अगदी जवळचा, आणि त्यात संवाद नाहीत. स्तेपान्त्सेव्हने नायिका श्रीमंत घरातील मुलगी ठेवली नाही; समारंभ संपल्यावर एकटी दालन झाडणारी मोलकरीण मुलगी केली. या एका बदलाने पुष्कळ प्रश्न सुटले. जिला कोणी भेट दिलेली नाही, तिला झाडाखाली राहून गेलेला बाहुला सापडतो. त्यामुळे तिची माया समजावून सांगावी लागत नाही. शिवाय बाहुल्यावर शाप कसा पडला याची पूर्वकथा, जी ई. टी. ए. हॉफमन याच्या 1816 च्या मूळ गोष्टीत वेगळ्या रूपात आहे आणि बॅलेमध्ये पूर्णपणे गळलेली आहे, ती त्याने आपल्या पद्धतीने परत आणली. त्यामुळे बॅलेच्या संगीताला नव्या घटना मिळाल्या आणि मुलांना ‘हा असा का झाला’ याचे उत्तर मिळाले. दीर्घ काळ मी या माध्यमात काम करतो आहे आणि एवढ्या लांबीत बॅलेची गोष्ट सांगण्याचा यापेक्षा नेटका नमुना मला सापडलेला नाही. तुम्ही मोलकरणीची कल्पना उचलू नका. ती त्याची आहे. पण त्याने स्वतःला कोणता प्रश्न विचारला असेल हे मात्र उचला: या बाहुल्याची सर्वांत जास्त गरज या घरात कोणाला आहे?

तिसरे उत्तर 2001 चे, ‘बार्बी इन द नटक्रॅकर’. आपल्याकडच्या अनेक मुलींनी बॅले हा प्रकार प्रथम पाहिला तो याच चित्रपटात, आणि म्हणूनच त्याकडे बाहुलीची जाहिरात म्हणून हात झटकून पाहणे मला योग्य वाटत नाही. ओवेन हर्ली याने दिग्दर्शित केलेल्या या संगणकीय अ‍ॅनिमेशनपटासाठी न्यू यॉर्क सिटी बॅलेच्या नर्तकांच्या हालचाली मोशन कॅप्चरने टिपल्या होत्या, नृत्यरचना पीटर मार्टिन्स यांची होती आणि संगीत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवले होते. कथेच्या दृष्टीने त्यांनी दुसऱ्या अंकाची पोकळी शोधयात्रेने भरली. उंदरांचा राजा क्लाराला जादूने लहान करतो, शाप उतरवण्यासाठी शुगर प्लम राजकन्येला शोधावे लागते आणि शेवटी ती राजकन्या म्हणजे क्लाराच असते. यातला शेवटचा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. बॅलेमध्ये मुलगी बसते आणि परी नाचते. इथे मुलगीच परी होते, म्हणजे शेवटचे मोठे नृत्य तिने कमावलेले असते. क्लारा लहान होते हेही मूळ बॅलेचे अचूक वाचन आहे. रंगमंचावर झाड वाढवावे लागते. नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिन याच्या, 1954 मध्ये सुरू झालेल्या न्यू यॉर्कमधील प्रयोगात ते 41 फुटांपर्यंत उंच होते. मुलीच्या नजरेने पाहिले तर झाड वाढलेले नाही, ती खेळण्यांएवढी झाली आहे, आणि ही गोष्ट कॅमेरा एका फटक्यात दाखवू शकतो. मात्र शोधयात्रा आली की तिच्यासोबत संवाद येतात, सोबती येतात, ‘आता कुठे जायचे’ याची चर्चा येते आणि त्या सगळ्याखाली चायकोव्हस्कीचे संगीत पार्श्वसंगीत होऊन जाते. तासाभराहून अधिक लांबीच्या चित्रपटाला ते परवडत असेल. तुमच्या 22 मिनिटांना परवडणार नाही.

जाता जाता 1959 च्या डिस्नेच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’चा उल्लेख करतो, कारण शब्दांचा प्रश्न त्यावरून नीट समजतो. तिथे जॉर्ज ब्रन्स याने चायकोव्हस्कीच्या त्याच नावाच्या बॅलेतील संगीत घेतले आणि पहिल्या अंकातल्या हारांच्या वॉल्ट्झला शब्द देऊन त्याचे प्रेमगीत केले. एकच चाल, एकच गाणे, आणि ते कथेतील एकाच नात्याला बांधलेले. तुम्हाला मराठी गीत हवेच असेल तर तेवढेच करा. वॉल्ट्झच्या तीन-तीन मात्रांवर मराठी शब्द अडखळत नाहीत. दादऱ्याच्या सहा मात्रा आपल्या कानात मुरलेल्या आहेत. मात्र फुलांच्या वॉल्ट्झसारख्या वाद्यांसाठी रचलेल्या चालीत स्वरांचा पल्ला मोठा असतो आणि लहान मुलांचा गळा तिथे पोहोचत नाही, हे गीतकाराला आधी सांगून ठेवा.

निवेदकाबद्दल माझा अनुभव असा. काही वर्षांपूर्वी संगीतावर आधारलेल्या एका लघुपटात निर्मात्यांच्या आग्रहाखातर आम्ही जवळजवळ प्रत्येक प्रसंगावर निवेदन घातले. पहिली-दुसरीच्या मुलांसमोर चाचणी प्रयोग केला तेव्हा मुले शांत बसली, पण पडद्याकडे कमी आणि आवाजाकडे जास्त लक्ष देत बसली. नंतर विचारल्यावर त्यांनी निवेदनातील वाक्ये सांगितली, पाहिलेले फारसे सांगता आले नाही. नंतर चार मिनिटांचा एक तुकडा आम्ही निवेदन काढून दुसऱ्या वर्गाला दाखवला, तेव्हा मुले एकमेकांना कोपराने ढोसून ‘बघ, बघ’ म्हणू लागली. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: निवेदन असावे, पण ते ओव्हर्चर संपताना एकदा आणि प्रवास सुरू होण्यापूर्वी एकदा, दोन नृत्यांच्या मधल्या शांततेत, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन वाक्यांचे. नृत्य सुरू असताना कोणीही बोलू नये.

निवेदनातील एका शब्दावर मात्र तुम्हाला विचार करावा लागेल, आणि तो म्हणजे ‘नटक्रॅकर’. मराठी घरात फोडायचे-कातरायचे साधन म्हटले की मुलाला अडकित्ता आठवेल आणि तो सुपारीचा आहे. ही अडचण नसून संधी आहे, असे मी म्हणेन. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या अडकित्त्यांचा संग्रह आहे. रोजच्या वापरातील साधनाला रूप देण्याची हौस जर्मनीत होती तशी आपल्याकडेही होती, हे तिथे उभे राहिल्यावर डोळ्यांना दिसते. परंतु चित्रपटात बाहुल्याचा अडकित्ता करू नका आणि नाताळची दिवाळीही करू नका. जर्मन लाकडी बाहुल्याच्या पाठीला एक दांडा असतो, तो वर-खाली केला की जबडा उघडमीट करतो आणि अक्रोड दातांत फुटतो. हा दांडा नीट, जवळून, आवाजासकट एकदा दाखवा. पुढे तोच बाहुला जिवंत होऊन बोलू पाहतो तेव्हा त्याचा जबडा त्याच कडक पद्धतीने हलतो, आणि शाप उतरल्यावर ओठ प्रथमच मऊपणे हलतात. शाप म्हणजे काय हे सहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही.

मुक्या अभिनयाची भाषा बॅलेकडे तयार आहे आणि ती मुलांना चटकन समजते. दोन्ही हात डोक्यावर एकमेकांभोवती फिरवले की ‘नाचू या’, चेहऱ्याभोवती हाताने वर्तुळ काढले की ‘सुंदर’, अनामिकेकडे बोट दाखवले की ‘लग्न’, मनगटे समोर एकमेकांवर आडवी केली की ‘मृत्यू’, दोन बोटे वर उंचावली की ‘वचन’. आपल्याकडे हस्तमुद्रांची परंपरा असल्यामुळे मराठी मुलाला हात बोलतात हे सांगावे लागत नाही. यांपैकी दोनच खुणा निवडा, सुरुवातीला संदर्भासह एकदा दाखवा आणि शेवटी परत वापरा. सगळी भाषा शिकवायला जाऊ नका.

आता मोशन कॅप्चर. ते अपरिहार्य मुळीच नाही; सांगितलेल्या तीनपैकी दोन चित्रपट हाताने काढलेले आहेत. आणि ते घेतले तरी काम संपत नाही. नर्तकांच्या शरीराचे प्रमाण आणि तुमच्या पात्राचे प्रमाण वेगळे असले की पावले जमिनीवर घसरतात. लांब पायांच्या बाहुलीवर खऱ्या माणसाची हालचाल बसवताना हा दोष हमखास येतो. युगुलनृत्यात दोन शरीरे जवळ आली की अंगावर लावलेले खुणेचे मार्कर एकमेकांआड लपतात आणि तेवढ्या फ्रेम हाताने भराव्या लागतात. बोटांचे काम बहुधा वेगळे करावे लागते, आणि बॅलेत बोटे फार बोलतात. तुमच्या हाती विद्यार्थ्याएवढे साधन आहे, तेव्हा बॅले शिकलेल्या व्यक्तीला समोरून आणि बाजूने अशा दोन कॅमेऱ्यांनी चित्रित करा, तो संदर्भ शेजारी ठेवा आणि मुख्य पोझ स्वतः काढा. फक्त त्यावरून फ्रेम गिरवू नका. गिरवलेल्या नृत्यात वजन नाहीसे होते.

वजनाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडचे विद्यार्थी नेमके इथे चुकतात आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. आपल्या डोळ्यांना कथ्थकची, लावणीची सवय आहे. तिथे पाऊल जमिनीला भिडते, सम पायाने दाखवली जाते, घुंगरू ती ऐकवतात. बॅलेत शरीराचा सगळा प्रयत्न जमिनीपासून सुटण्याचा असतो. मोठ्या उडीत ठळक मात्रेवर नर्तक अनेकदा हवेत असतो आणि उतरणे शक्य तितके मूक असते. मोठ्या झेपेत शरीराचा गुरुत्वमध्य कोणत्याही फेकलेल्या वस्तूप्रमाणे कमानीतच जातो, पण उंचीच्या क्षणी नर्तक पाय आणि हात वर नेतो, त्यामुळे डोके काही क्षण जवळजवळ सरळ रेषेत सरकते आणि प्रेक्षकाला तो तरंगल्यासारखा वाटतो. तुम्ही डोक्याची कमान काढली तर ती उडी खेळाच्या मैदानावरची होईल. गिरकीतही तसेच. नर्तकाची नजर एका बिंदूवर खिळलेली असते, शरीर फिरत राहते, मान ताणली जाते आणि मग डोके झटक्यात फिरून पुन्हा त्याच बिंदूवर येते. सॉफ्टवेअरवर सोपवले तर डोके शरीराबरोबर संथ फिरते आणि नर्तकीचा भोवरा होतो. रिग, म्हणजे पात्र हलवण्यासाठीचा आतला सांगाडा, करताना पाय कमरेच्या सांध्यापासून बाहेर वळला पाहिजे, गुडघ्यापासून नव्हे, आणि पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहण्यासाठी अंगठ्याच्या टोकाशी वेगळा पिव्होट (फिरण्याचा बिंदू) लागेल, हे तुमच्या रिग करणाऱ्या मित्राला पहिल्याच दिवशी सांगा.

दुसऱ्या अंकातील देशोदेशींच्या नृत्यांबाबत सावध राहावे लागेल. 1892 च्या पीटर्सबर्गला चीन किंवा अरबस्तान जसे कल्पिलेले आवडे तसे ते आहेत. अरबी म्हणवल्या जाणाऱ्या नृत्याची चाल तर एका जॉर्जियन अंगाईगीतावरून घेतलेली आहे. बोटे वर करून डोके हलवणारे ‘चिनी’ आता अनेक नृत्यसंस्थांनी बदलले आहेत, आणि मुलांसाठीच्या नव्या चित्रपटात ते परत आणण्याचे काहीच कारण नाही. पात्रांना पदार्थांचे स्वभाव द्या. चहा उकळतो, उतू जातो, झाकण थडथडते. बासरीच्या त्या वर धावणाऱ्या स्वरांना वाफेपेक्षा चांगले चित्र मला सुचत नाही. अंगाईवरून आलेल्या कॉफीच्या नृत्यात, संगीत इतके पेंगुळलेले असताना, थकलेल्या क्लाराला काही क्षण झोप लागू द्या.

परवानगीचे उत्तर तीन भागांत आहे. चायकोव्हस्की 1893 मध्ये वारला. रचना सर्वांसाठी खुली आहे. ध्वनिमुद्रण मात्र वेगळी मालमत्ता आहे: भारतात ते प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे त्यावर हक्क असतो, आणि चित्रपट परदेशी महोत्सवांना पाठवणार असाल तर तिथला कायदा वेगळा असू शकतो. म्हणून शक्य असेल तर वाजवणाऱ्यांशी लेखी करार करून नवे मुद्रण घ्या किंवा परवाना असलेलेच घ्या. तिसरा भाग विद्यार्थी विसरतात तो म्हणजे नृत्यरचना. आपल्या कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते. पेतिपा आणि इव्हानोव्ह यांच्या रचना जुन्या झाल्या, पण बॅलन्शिन 1983 मध्ये वारला आणि त्याच्या प्रयोगातील पदन्यास पाहून तसेच्या तसे काढणे तुम्हाला अडचणीत आणेल. जालावर सापडणाऱ्या चित्रफिती बहुतेक अशाच नव्या प्रयोगांच्या असतात.

राहिला शेवट. 1892 च्या संहितेत क्लारा घरी परतताना दिसतच नाही. शेवटचे दृश्य मधमाश्या घोंघावणाऱ्या एका मोठ्या पोळ्याचे आहे. बॅलन्शिनच्या प्रयोगात मुले गाडीत बसून उडत निघून जातात. पुष्कळ प्रयोगांत ती झाडाखाली जागी होते आणि ते स्वप्न ठरते. स्वप्न ठरवण्याला माझा विरोध आहे, कारण चप्पल भिरकावण्याचे धैर्य तिने खरोखर केले होते आणि मोठ्यांनी ते एका वाक्यात पुसून टाकावे, हे मुलांना खटकते. मी ते चेहऱ्यांवर पाहिले आहे. हॉफमनच्या गोष्टीत उंदरांच्या राजाला सात डोकी असतात आणि तो मेल्यावर त्याचे सात इवलेसे मुकुट त्या मुलीला मिळतात. ती ते घरच्यांना दाखवते, तरी त्यांचा विश्वास बसत नाही. ते मुकुट मीच तिला कधीतरी दिले होते, असे ड्रॉसेलमायर सांगतो. तुमच्या जागी मी असतो तर सकाळच्या उजेडात क्लाराची एक अनवाणी टाच दाखवली असती, मग मिटलेली मूठ, आणि शेवटचा सूर लांबत असताना ती मूठ उघडून त्यातला बोराएवढा मुकुट किमान 48 फ्रेम स्थिर ठेवला असता.